ऑगस्टातला दंवाचा क्रूस

बाहेर ऑगस्टच्या उन्हाने रस्त्यावरचं डांबर मऊ पडलं होतं आणि आत दीडशे माणसं क्रूसावरचं दंव जिभेला लावायला रांगेत उभी होती. सुहोदोल गावातलं हे प्रार्थनाघर म्हणजे मूळचं बंद पडलेलं सहकारी दूधकेंद्र. एकाही मठाने ज्याला कधी आपला म्हटलं नाही, अशा एव्लोगी बाबाने त्याच्या भिंतींना चुना फासला, तांब्याच्या नळीचा पुरुषभर उंचीचा क्रूस मधोमध उभा केला आणि भर उन्हाळ्यात त्यावर बर्फ धरू लागला. त्याने मधुमेह बरा होतो असं बाबाच म्हणाला, आणि गावाला तेवढं पुरलं.

"साखर म्हणजे रक्तात साठलेला ताप," बाबा घसा खाकरून सांगत होता. "हा गारवा तो ओढून घेतो. आणि प्रभूचा उजवा हात बघा, कधी गोठत नाही. त्यातून आशीर्वाद वाहतो. गर्दीत पापी वाढले की प्रभू हात आणखी मोकळा करतो."

भिंतीला टेकून उभी असलेली व्हेल्का त्या उजव्या हाताकडेच बघत होती. तीस वर्षं तिने शहरातल्या तंत्रशाळेत शीतयंत्रं शिकवली होती. पण ती इथे क्रूस बघायला आली नव्हती, धाकट्या भावाला डॉक्टरकडे न्यायला आली होती. स्टामेनने बाबाच्या सांगण्यावरून संत इलियाच्या सणाला इन्सुलिनची पेनं चुलीत घातली होती. तेव्हापासून तो लंगडत होता, बूट चावतो म्हणायचा, आणि मोजा काही बहिणीला काढू देत नव्हता. तो म्हणाला होता की ताई, आधी क्रूसापुढे वाक, मग डॉक्टरचं बोलू.

दंव क्रूसाच्या पायाशी सर्वांत जाड होतं. तिथून ते डाव्या हातात, मग डोक्याकडे, मग उजव्या हातात गेलं होतं आणि कोपरापाशी संपलं होतं. व्हेल्काला राग आला तो इतकी उघडी चोरी बघून. थंड करणारं द्रव पायाशी नळीत शिरतं, शून्याखालच्या गारव्यातही उकळत पुढे जातं आणि उकळताना आजूबाजूची उष्णता ओढतं, म्हणून तिथे दंव धरतं. द्रव उकळून संपलं की पुढे नुसता वायू, तिथे नळी कोरडी. खोलीत माणसं वाढली, हवा तापली, की द्रव लवकर संपतं आणि कोरडा भाग वाढतो. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत ती हा प्रश्न दरवर्षी घालायची आणि निम्मा वर्ग दरवर्षी गटांगळ्या खायचा.

"पापी वाढत नाहीत, खोली तापते," ती मोठ्याने म्हणाली.

लोक खवळले. कुणी तिला शहरातली शहाणी म्हणालं, कुणी दार दाखवलं. स्टामेनने मान खाली घातली. व्हेल्का जागची हलली नाही.

"मी क्रूसाला हात लावत नाही," ती क्रूसाची पुसपास करणाऱ्या म्हातारीकडे वळली. " त्सोनाआजी, तुम्ही लावा. कढत पाण्यात फडकं पिळून त्याच्या पायाला गुंडाळा आणि बदलत राहा. थोड्या वेळात उजवा दंड कोरडा पडेल, जिथे कुणी बोटही लावलेलं नसेल. नाही पडला तर मीही बर्फ चाटीन."

"प्रभूची परीक्षा घ्यायची नसते," बाबा म्हणाला.

"परीक्षा कसली," त्सोनाआजी म्हणाली. "रोज मीच पुसते त्याचे पाय. आज ऊन फडक्याने पुसते."

सहा फडकी झाली. द्रव आता पायाशीच उकळून संपत होतं. मग उजव्या दंडावरून पहिला थेंब पडला, पाठोपाठ दंवाचा पापुद्रा सुटला. व्हेल्का सरळ मागच्या पडद्याआड गेली आणि भजनांची टेप बंद केली. इतके महिने भजनाखाली दबलेली घरघर सगळ्यांना ऐकू आली. दूध थंड करायचं जुनंच यंत्र होतं ते. तिने तेही बंद केलं आणि क्रूस सगळीकडून गळू लागला.

बाबा अजून तोंड सोडत नव्हता. यंत्र हे प्रभूचं साधन आहे, खरी खूण तर बरे झालेल्यांच्या वहीत आहे, असं तो म्हणाला. आणि त्याच्या मदतीला उठला तो स्टामेन.

"ताई, बर्फ खोटा असेल. माझी साखर तर खरी उतरली. सतराची नऊ झाली. लिहिलंय."

वही तिथेच, मेणबत्त्यांच्या उजेडात, पोथीसारखी उघडी ठेवली होती. व्हेल्काने पानं उलटली. एकतीस नावं, प्रत्येकाची साखर उतरलेली. तिकडच्या मापात सतरा म्हणजे आपल्याकडचे तीनशे, नऊ म्हणजे एकशे साठ. सगळ्यांची बाबाने केलेली पहिली तपासणी वीस जुलैच्या दुपारी, दुसरी बारा ऑगस्टच्या सकाळी.

"आजी, वीस जुलैला संत इलियाचा सण. काय जेवलात?"

"कोकराचं सूप, पिठाच्या पापुद्र्यांत चीज भरलेली बनित्सा, वर दोन फोडी कलिंगड," त्सोनाआजी म्हणाली. मग बोटं मोजून, "तीन असतील."

"आणि बारा ऑगस्टच्या सकाळी?"

"मरियामातेचा उपास होता की. पाणीसुद्धा इथे येऊन प्यायले."

पुढचं कुणाला समजवावं लागलं नाही. भरल्या पोटी एकदा मोजायचं, उपाशीपोटी एकदा मोजायचं आणि मधल्या फरकाला चमत्कार म्हणायचं. तेवढ्यात दवाखान्यातली नर्स गिन्का पुढे आली. तिच्या नोंदीत गावचे मधुमेही त्रेचाळीस होते, आणि प्रत्येकाच्या नावापुढे दर तीन महिन्यांची रक्ततपासणी, डोळे आणि पाय यांचे रकाने. ईस्टरपासून ते रकाने रिकामे राहत गेले होते.

"वहीत एकतीस आहेत," ती म्हणाली. "उरलेल्या बारा जणांची साखर उतरली नाही, म्हणून बाबाने त्यांना अश्रद्ध ठरवलं. दोघं इस्पितळात आहेत. स्पिर्दोनला आपण गेल्या आठवड्यात पुरलं."

स्टामेन बाकावर बसला, वाकला आणि बूट काढला. मोजा सोलावा तसा निघाला. अंगठा काळा पडला होता आणि वास पहिल्या रांगेपर्यंत गेला. व्हेल्काला ते बघवेना, तरी तिने नजर हलवली नाही.

"हेही लिही वहीत," तो एव्लोगीला म्हणाला. "माझ्या नावापुढेच लिही. नऊच्या शेजारी."

बाबाने लेखणी उचलली नाही. त्याला दारापर्यंत कुणी वाटही दिली नाही, पोलीस येईपर्यंत तो त्या गळणाऱ्या क्रूसाजवळच उभा होता. स्टामेनला त्याच दुपारी शहरात नेलं. अंगठा गेला, पाय वाचला. आता दर तीन महिन्यांनी तो रक्त तपासायला जातो आणि गिन्कासमोर न सांगता मोजे काढतो.

तेव्हा मंडळी, उद्या कुणी तुमच्यापुढे बरं झालेल्यांची यादी धरली, तर तपासणी कधी केली, कुणी केली आणि पोटात काय होतं ते आधी विचारा. मग यादीत नसलेल्यांची घरं शोधा आणि त्यांच्या दारात जाऊन या. आणि कुणाच्याही सांगण्यावरून औषध चुलीत घालू नका.