टाकीतली मोजदाद

कागदवाल्यांचा फायदा आधीच मांडून ठेवू, म्हणजे मागाहून घोळ नको. छापखान्याचे व्यवस्थापक महिनाअखेर निवृत्त होणार होते. त्यांची जागा मिळाली तर काचेची खोली, गादीची खुर्ची, आणि आजवर 'ओ कागदवाले' अशी हाक मारणारे झाडून सगळे 'साहेब' म्हणणार. वीस वर्षं तळघरात कागदाची रिमं मोजलेल्या माणसाला आणखी काय हवं? आणि त्या बदल्यात द्यायचं काय, तर एका माशाला घर.

"तुमच्याकडे टाकी आहे म्हणे," व्यवस्थापकसाहेब म्हणाले होते. "आमची राणी ठेवाल? मी आता लेकीकडे राहायला जाणार. तिथे जागा नाही."

"ठेवीन की साहेब! आनंदानं."

राणी म्हणजे तळहाताएवढा एंजल मासा. टाकी होती हे खरंच. ती ताईची आहे, एवढंच सांगायचं राहून गेलं.

ताई ही कागदवाल्यांची थोरली बहीण. याच छापखान्यात तिनं तीस वर्षं पुस्तकं शिवली, धाकट्याला तिथे चिकटवलाही तिनंच. बोटं वाकडी झाल्यावर ती भावाकडे राहायला आली, ती दोन पिशव्या आणि हातभर लांबीची टाकी घेऊन. टाकीत सहा गप्पी मासे, शेवाळाचं एक बेट आणि नखाएवढ्या लाल कोळंब्या. एकवीस. दर रविवारी ती मोजायची.

"ताई, फोडणीला टाकल्या तर एका घासालासुद्धा पुरायच्या नाहीत हो," भावजय म्हणायची, आणि ताई हसायची. त्या घरात ती हसायची ती या एकाच विनोदाला. सध्या त्यातली एक पोटाखाली अंडी घेऊन फिरत होती. "आठ दिवसांत आजी होणार मी," असं बिनलग्नाची ताई दूधवाल्यालाही सांगून चुकली होती.

"आणू नकोस रे तो मासा," ती म्हणाली. "गप्पींचं तोंड लहान, म्हणून नांदतात. ज्याच्या तोंडात जे मावतं ते त्याचं जेवण. त्यात पाप नाही, पण शेजारही नाही."

"अगं, हातावरचं खाते ती. माणसाळलेली आहे. माझं भलं होतंय, त्यात तुझं काय जातंय?"

पुस्तकं शिवतानाच्या तिच्या मैत्रिणीचं ऑपरेशन होतं, तिच्या उशाशी तीन दिवस बसायला ताई निघाली होती. जाताना दारातून बजावून गेली, "माशाची पिशवी तासभर पाण्यावर तरंगू दे. आपलं पाणी वाटीवाटीनं तिच्यात घाल. मग जाळीनं मासा तेवढा सोड. तिचं पाणी टाकीत पडू देऊ नकोस. आणि शेवाळाला हात लावू नकोस."

पण साहेबांना 'राणी रमली' असा फोन करायची घाई होती. कागदवाल्यांनी पिशवी सरळ उपडी केली, पाण्यासकट. राणी नीट दिसावी म्हणून शेवाळाचं बेटही काढून बादलीत टाकलं. मग रोज सकाळी काचेला नाक लावून मोजणी, आणि ताईला फोन: "एकोणीस! दोन कुठंतरी दडल्या असतील. जरा फिकट पडल्यात, एवढंच."

तळघरात माल असाच मोजतात. वेष्टन दिसलं की रीम धरायचं, फोडून बघायचं नाही.

तिसऱ्या दिवशी ताई आली. चप्पल न काढताच वाकली. पेन्सिलीच्या टोकानं तिनं तळातली एक उचलली. पाय, मिशा, सगळं जागच्या जागी. आत काही नाही.

"कात आहे ही."

"म्हणजे?"

"पाणी एकदम बदललं की धसक्यानं कात टाकतात. मग दोन दिवस अंग मऊ असतं. लपून काढायचे असतात ते दिवस." बादलीकडे तिनं नुसतं पाहिलं. "जागा असेल तर."

एका कातीच्या पोटाखाली अंडी तशीच चिकटलेली होती. ती तिनं बराच वेळ वाटीत ठेवली, मग बेसिनमध्ये ओतली.

महिनाअखेरीस खुर्ची मालकाच्या जावयाला मिळाली. "मला कोण विचारतंय हो!" निरोपाचा हार सावरत साहेब म्हणाले. "एक मासा मशीनवाल्यांना दिला, एक हिशेबनिसांना, राणी तुम्हाला. टाकी रिकामी करायची होती. बरी आहे ना?"

"मजेत, साहेब."

घरी येऊन कागदवाले जाळी शोधू लागले. "गटारातच फेकतो हिला!"

"ठेव ती," राणीला दाणे टाकत ताई म्हणाली. "भूक तिची होती. पिशवी तुझी."

रविवारी ताई मोजायला बसली नाही, म्हणून ते बसले. पाणी गाळायच्या स्पंजामागे काहीतरी लाल दिसलं. या वेळी त्यांनी पेन्सिल लावून पाहिली. पोकळ. तरीही तोंडातून गेलंच, "ताई, एक उरलीय वाटतं गं!"

"तूच मोज," आतून आवाज आला. "तुला जमतं."

तेव्हा हिशेब असा. खुर्ची जावयाला, रिकामी टाकी साहेबांना, राणीला पोटभर. कागदवाल्यांचं गेलं म्हणावं तर काहीच नाही, कारण त्यांनी पणाला लावलं ते सगळं दुसऱ्याचं होतं. भरलं ते ताईनं: एकवीस कोळंब्या, न झालेलं आजीपण, आणि तो फोडणीचा विनोद. भावजयीनं तो पुन्हा कधी केला नाही.