हिराची डिझेल गाडी

वामनशेटनं विषय काढला तो सगळ्या आळीसमोर, भर किनाऱ्यावर. ओहोटी लागली होती. होड्या आत आल्या होत्या आणि बायका ओल्या वाळूत बसून बोंबील एकीकडं, सरंगे एकीकडं असं निवडत होत्या. शेट लॉरीतून उतरला, धोतराचा सोगा हातात धरून वाळू तुडवत आला आणि हिराच्या टोपल्यांपुढं उभा राहिला. म्हणाला, जानूशी बोलणं झालंय. पिकप आता माझी.

हिरानं हातातला सरंगा टोपलीत टाकला, पुढचा उचलला.

"जानूनं स्वतःची होडी इकली असंल," ती म्हणाली. "पिकप त्याची नाय."

जानू तिचा धाकटा दीर. शेटच्या मागं चार हातांवर उभा होता आणि पायानं वाळू उकरत होता. शेट हसला. म्हणाला, बाई, त्या गाडीला पेट्रोल पाजता पाजता तुझी मासळी संपंल. आणि बायामाणसांना ते सुचायचं नाय म्हणूनच जानूला इचारलं.

तारापूरच्या त्या मांगेलआळीत तेव्हा दोनच गाड्या होत्या. एक वामनशेटची लॉरी, दुसरी हिराच्या नवऱ्याची, एकनाथची पिकप. मोठ्या लढाईनंतर मिलिटरीनं मोडीत काढलेली, लांब नाकाची, विलायती. ती येईपर्यंत शेट सांगंल तो भाव आणि शेट देईल तो बर्फ. एकनाथ मासळी थेट पालघरला, पुढं मनोरच्या बाजारापर्यंत न्यायला लागला, तशी आळीतल्या बायकांची बोलायची तऱ्हाच बदलली. त्यानं हट्टानं हिरालाही गाडी शिकवली होती, ठाण्याला नेऊन लायसन काढून दिलं होतं. गेल्या पावसात तो विषमज्वरानं गेला. गाडी राहिली, आणि गाडीची तहान राहिली. खात्यापित्या घरचं पोर मागंल तसं ते इंजीन पेट्रोल मागायचं. मनोरहून परत येईस्तोवर बायकांच्या हातात खारं पाणीच उरायचं.

"गाडी इकायची नाय," हिरा उठून उभी राहिली. "इंजीन बदलायचंय. डिझेलचं बसवणार हाय मी."

हे तिनं असंच तोंडाला आलं म्हणून म्हटलं नव्हतं. पालघरच्या बाजारामागच्या मैदानात दामूचा तंबू सिनेमा लागला होता. सुकी मासळी द्यायला ती तिकडं गेली, तेव्हा दामू जनरेटरचं इंजीन चालवून बघत होता. मोडीत निघालेल्या लॉरीचं डिझेल इंजीन. आवाज असा, की दामू समोर उभा राहून बोलत होता आणि हिराला नुसते त्याचे ओठ हलताना दिसत होते. इंजीन बंद करून त्यानं कपाळावर हात मारला. लोक पैसे परत मागतात म्हणाला. पडद्यावर बाई रडते आणि तिच्या तोंडातून फटफट ऐकू येतं. तंबूत बसलेल्यांना गाणी ऐकायची असतात, गिरणी नाही. हिरानं एवढंच विचारलं, की हे पितं किती. दामूनं सांगितलं तेव्हा ती तिथंच मासळीच्या टोपलीवर टेकली. तिच्या गाडीला लागायचं त्याच्या निम्म्याहून कमी, आणि तेही स्वस्तातलं.

किनाऱ्यावरच्या भांडणानंतर दुसऱ्याच सकाळी तिनं पिकप दामूच्या तंबूपुढं नेऊन उभी केली. बॉनेट उघडलं, इंजीन चालू ठेवलं आणि दामूला म्हणाली, आता तुमी हळू आवाजात बोला. दामू बोलला. प्रत्येक शब्द ऐकू आला. मग तो बराच वेळ इंजिनाभोवती फिरला. पेट्रोल परवडायचं नाही म्हणाला. ती म्हणाली, रिकामा तंबू परवडतो का. तो वर काही मागायला लागला, तर ती बॉनेट लावून गाडीत बसायला निघाली. तेव्हा त्यानं हात पुढं केला. इंजिनाला इंजीन, वर काही नाही.

खरं अवघड पुढंच होतं. पालघरला पुंडलिक मिस्त्रीचं गॅरेज होतं. तो आधी नाहीच म्हणाला. डिझेलचं इंजीन वजनाला दीडपट, लांबीला हातभर जास्त. गिअरबॉक्सची भोकं जुळायची नाहीत, मधे जाड पत्रा कातून घालावा लागंल. पुढचा आडवा दांडा कापावा लागंल, आणि एकदा कापला की जुनं इंजीन परत बसायचं नाही.

"नीट इचार कर, बाई. मागं फिरता येणार नाय."

"मला मागं जायचंच नाय, मिस्त्री. कापा."

साखळीला लटकवून एकनाथचं इंजीन वर आलं, तेव्हा मात्र ती जरा बाजूला जाऊन उभी राहिली. कार्बुरेटरपाशी एकनाथनं गुंडाळलेली तांब्याची तार तशीच होती. पीळ त्याच्या हाताचे होते, डावीकडं वळलेले. तो डावरा होता. पुंडलिकनं पक्कड घातली, तशी ती पुढं झाली आणि त्याचा हात धरला. तार इंजिनाबरोबर जाऊ दे म्हणाली. दामूला निरोप दिला, की ती सोडू नका, ती तिथं कामाची हाय. मग पदर खोचून नव्या इंजिनावरचं मळकट तेल रॉकेलच्या चिंधीनं पुसायला बसली.

पहिल्या खेपेला फजिती झाली. पुंडलिकनं सगळं बसवलं, गाडी सुरू झाली, गॅरेजचा पत्रा थरथरला. हिरा बोईसरच्या रस्त्याला लागली. अणुभट्टीच्या कामावरच्या अवजड गाड्यांची तिथं वर्दळ, रस्त्यात खड्डे. एका खड्ड्यात गाडीचं जड नाक खाली बसलं, इंजीन पुढं सरकलं आणि पंख्यानं रेडिएटर किसून काढला. गरम पाणी काचेवर उडालं. नेमकी तेव्हाच मागून वामनशेटची लॉरी आली. थांबली नाही, पण वेग कमी केला, आणि शेटनं खिडकीतून डोकं काढून सगळं डोळे भरून बघून घेतलं.

संध्याकाळपर्यंत आळीत बातमी पोचली. हिराच्या गाडीनं स्वतःचं पोट फाडून घेतलं, असं पुष्पलता पाणवठ्यावर सांगत होती. पुष्पलता शेजारचीच. जिभेची तिखट, आणि हिराशी तिचं मासळी सुकवायच्या जागेवरून वर्षभर बोलणं बंद होतं. सासूनंही जेवताना पान पुढं सरकवत म्हटलं, की पुरे झालं गं आता. जानू म्हणाला, वयनी, शेट अजून घ्यायला तयार हाय. आणि दुसऱ्या दिवसापासून तो शेटच्या लॉरीवर ड्रायव्हर म्हणून चढला.

हिरा बैल जुंपून गाडी ओढत परत पालघरला गेली. पुंडलिक तिला बघून चिडला. मी आधीच सांगितलं होतं म्हणाला. तिनं कबूल केलं, की सांगितलं होतं. आता पुढं काय करायचं ते सांगा. तो गाडीखाली शिरला आणि तिथूनच बडबडत राहिला. पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांत दोन जास्तीचे पाटे घातले. इंजिनाच्या खाली जुन्या टायरचे जाड तुकडे बसवले. रेडिएटर झाळून वीतभर पुढं सरकवला, तशी गाडीला हनुवटी फुटल्यासारखी दिसायला लागली. एकच गोष्ट जमेना. जुनी बॅटरी त्या इंजिनाला फिरवायला अपुरी पडायची. नवी मिळेपर्यंत गाडी उतारावर लाव आणि ढकलून सुरू कर, असं त्यानं सांगितलं.

म्हणून हिरानं गाडी वाळूच्या टेकाडावर लावली. टेकाडाच्या एका अंगाला गावातून रस्त्याकडं जाणारा उतार, दुसऱ्या अंगाला समुद्र. गाडीचं तोंड रस्त्याकडं. सकाळी ब्रेक सोडला की काम झालं.

पण पहिल्या फेरीच्या सकाळी ती आली, तर शेटची लॉरी पिकपच्या नाकापुढं जेमतेम दोन हातांवर उभी. आत ड्रायव्हरच्या जागेवर जानू. शेट खाली उभा राहून पान लावत होता. लॉरीत काय बिघाड झालाय कळत नाही, असं त्यानं शांतपणे सांगितलं. मिस्त्री येईल तेव्हा निघंल. आणि जमलेल्या बायकांकडं वळून म्हणाला, की आज जिची टोपली या पिकपमध्ये जाईल, तिला माझा बर्फ नाय. आज नाय, उद्या नाय.

त्या दिवशी सरंगा नुसता लोटला होता. टोपल्या काठोकाठ भरल्या होत्या आणि ऊन चढायला लागलं होतं. बायका टोपल्यांपाशीच उभ्या होत्या. कुणी हिराकडं बघेना. हिरानं आपल्या टोपल्या एकटीनं पिकपमध्ये चढवल्या. मग चाकांपुढं दगड लावून ब्रेक सोडला, जाऊन गाडीच्या नाकाला पाठ लावली आणि टाचा वाळूत रोवल्या. पुढं जायला जागा नव्हती. मागं, टेकाडाच्या माथ्यापर्यंत, दहाबारा हात चढ होता. माथा ओलांडला की पलीकडं समुद्राकडं उतार. गाडी केसभरही हलली नाही. तिनं पुन्हा जोर लावला. शेट हसला तो ऐकू आला.

तेवढ्यात शेजारी कुणाची तरी पाठ येऊन टेकली. पुष्पलता होती. कासोटा घट्ट करून, दात खाऊन.

"माजा माल त्याच्या लॉरीत कुजलाय दोनदा," ती हिराकडं न बघता म्हणाली. "बोलायचं मग. आता रेट."

मग सासू आली. मग आणखी दोघी, आणि मग मोजायला कुणाला सवड नव्हती. गाडी हलली. बोटभर, वीतभर, मग हातभर. शेट ओरडून काही सांगत होता, पण त्याचं बोलणं बायकांच्या हुंकारात बुडून गेलं. गाडी माथ्यावर पोचली तशी हिरा धावत जाऊन आत चढली. रिव्हर्स टाकला, क्लच दाबून धरला. गाडी पलीकडच्या उताराला लागली, उलटी, समुद्राकडं. जरा वेग येऊ दिला आणि तिनं क्लच सोडला. दोन हिसके बसले, टोपल्या आदळल्या, काळ्या धुराचा लोट निघाला आणि इंजीन धडधडायला लागलं.

ओली वाळू घट्ट होती. हिरानं गाडी वळवली, इंजीन चालूच ठेवलं. बायका उतारावरून टोपल्या डोक्यावर घेऊन पळत आल्या. पिकप भरली, वर बायका बसल्या, आणि गाडी किनाऱ्याकिनाऱ्यानं शेजारच्या गावाच्या वाटेला लागली. तिथून रस्ता होता. मागं टेकाडावर शेट आणि त्याची न बिघडलेली लॉरी दोघंही उभी होती.

पालघरला माल हातोहात गेला. उरलेला मनोरला. गाडी अशी हादरत होती, की बोलताना बायकांचे शब्द तुटत होते, आणि तरी सगळ्या बोलतच होत्या. बर्फ पुंडलिकच्या ओळखीनं पालघरलाच मिळाला.

आठवडा गेला असेल. सकाळी गाडी भरत असताना जानू आला. दाढी करून, धुतलेला सदरा घालून. शेटच्या लॉरीला आता आळीतून माल मिळंना. इकडं तिकडं बघून म्हणाला, वयनी, एवढी जड गाडी, बायामाणसानं रोज चालवायची म्हणजे हाल. मी चालवतो ना.

हिरानं चाकाखालचे दगड काढले आणि त्याच्याकडं बघितलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत, पण घाईही नव्हती.

"डायवर हाय गाडीला," ती म्हणाली. "क्लीनर नाय. बघ, जमतंय का."

पुष्पलतानं आपली टोपली मांडीवर घेऊन फळीवर वीतभर जागा केली. जानू मागं चढला आणि त्या जागेत बसला. हिरानं ब्रेक सोडला.