थोरलीचं भाषांतर

धाकट्या सुनेने टीव्हीच्या मागे हात घालून पिवळी पिन खोचली, तसा जुन्या पडद्यावर ठिपक्याठिपक्यांनी शब्द उमटला. पाणी. सासूबाईंनी उशीजवळचं बटण पुन्हा दाबलं. पुन्हा पाणी. पक्षाघाताने वाचा गेल्यापासून त्या इतक्या मोकळ्या हसल्या नव्हत्या.

थोरलीच्या पोटात दुखलं. दोन वर्षं या घरात सासूबाईंच्या खुणा एकट्या तिलाच कळत होत्या. डॉक्टरसुद्धा आधी तिच्या तोंडाकडे बघायचे. नवरा, दीर, नणंद, कुणालाही आईशी बोलायचं तर तिला हाक मारावी लागे. आणि आता हा धाकटीचा काडेपेटीएवढा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, एक वायर, तीन बटणं. पाणी, दुखतंय, कूस बदला. संपलं!

“हौस म्हणून आणला होता हो बोर्ड,” धाकटी म्हणाली. “तुमचीही जरा सुटका होईल, वहिनी.”

सुटका मागितली होती कुणी? “नव्याची नवलाई,” थोरली एवढंच पुटपुटली आणि चादरीच्या घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालू लागली.

दुपारी धाकटी आंघोळीला गेली. थोरलीने टीव्ही पुसायला फडकं घेतलं आणि पुसता पुसता पिवळी पिन जराशी ओढली. बघणाऱ्याला लागलेलीच वाटावी, इतपत. वळली, तर सासूबाई टक्क जाग्या.

आंघोळीहून आल्यावर धाकटीला पडदा काळा दिसला. तिने बोर्डचा प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा तपासला, दुसरा बोर्ड लावून पाहिला. पडदा काळा तो काळाच. तेव्हा सासूबाईंनी चांगल्या हाताने कानाची पाळी धरली, दोन बोटं जुळवून दूर केली आणि ओठ मुडपले. कानाची पाळी म्हणजे थोरली, हे घरात त्या दोघींनाच ठाऊक.

“काय म्हणतायत, वहिनी?”

काहीही सांगता आलं असतं. धाकटीला काय कळणार होतं? पण दोन वर्षांत थोरलीने त्या खुणांत पदरचं अक्षर घातलं नव्हतं.

“म्हणतायत, थोरलीने वायर ओढली.”

धाकटी खळखळून हसली. “काहीतरीच! आज तुमचाही अंदाज चुकला बघा. म्हणून तर हे यंत्र हवं.” तरी तिने मागे चाचपलं. “अगंबाई, पिन सैल झालीय की! फडकं लागलं असेल तुमचं.”

पडदा उजळला. सासूबाईंनी लगेच बटण दाबलं. पाणी. धाकटी हरखून स्वयंपाकघरात धावली.

तिची पाठ वळली मात्र, सासूबाईंनी थोरलीचा दंड धरून करकचून चिमटा काढला. मग हात तिथेच राहू दिला.

धाकटीने पेला ओठांशी नेला. सासूबाईंनी तोंड घट्ट मिटून घेतलं.

“तहान नाहीये त्यांना,” थोरली दंडावरच्या हाताकडे बघत म्हणाली.

“अहो, पण इथे तर...” धाकटी पडद्याकडे बघत राहिली.