तुतारी वाजवणाऱ्यांची खरी यादी

घरी पाहुणा येणार म्हटलं की आपण पसारा पलंगाखाली सारतो, आणि सरकारी माणूस आला की खरं बोलणं. तमिळ मुलखात, पेरुंगुडीतल्या एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या मंदारनेही बुधवारी सकाळी अगदी तेच केलं.

दारात महापालिकेच्या आरोग्य खात्यातल्या कनकाबाई उभ्या होत्या. तंजावरी मराठी घरातल्या. त्यांची मराठी म्हणजे तीनशे वर्षं बरणीत मुरलेलं लोणचं, वर तमिळची फोडणी. मंदारचा रूममेट अनय आदल्या दिवसापासून इस्पितळात होता. ताप, उलट्या आणि मान अशी ताठ की हनुवटी छातीला टेकेना. मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज. त्यातही जंतूमुळे होणारी, एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी. शहरातला महिन्याभरातला हा तिसरा रुग्ण होता आणि कनकाबाई त्याच्या जवळच्यांची नावं लिहायला आल्या होत्या. एका खोलीत झोपलेले, एका पेल्याने प्यायलेले, तोंडाजवळ तोंड नेऊन बोललेले.

इमारतीत तोवर युद्ध पेटलं होतं. सेक्रेटरींनी डासांसाठी धूर मारायचं मशीन मागवलं. या रोगाचा डासांशी काही संबंध नाही हे कुणीतरी सांगेपर्यंत निम्मा मजला खोकायला लागला होता. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर त्याहून मजा. रविवारी संमेलनात अनयच्या गळ्यात गळा घालून फोटो काढणारे आता विचारत होते, हा अनय कोण? आणि चौदाव्या रांगेतून त्याची पाठ पाहिलेले सहाजणांच्या कुटुंबाला गोळ्या मागत होते.

मंदारने अकरा नावं सांगितली, त्यात स्वतःचंही. बारावं गिळलं.

त्याचं असं झालं होतं. संमेलनाची सुरुवात तुतारीने करायची आणि ती आपण वाजवायची, असं मंदारने अध्यक्ष शरदचंद्र काकांना छातीठोक सांगून टाकलं. अनयने गावाहून तुतारी आणली. मंदारने तीन आठवडे फुंकली. निघाला तो फक्त अडलेल्या म्हशीचा उसासा. शेवटी शनिवारी त्याने मुरलीअण्णाला घरी बोलावलं. हा लग्नांत नादस्वरम, म्हणजे तिकडची लांब सनई, वाजवणारा कसलेला माणूस. आधी अनयने फुंकून दाखवली, मग मुरलीने तीच तोंडाला लावली आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग झालं. रविवारी स्टेजवर मंदारने फक्त गाल फुगवले, आवाज स्पीकरचा. काकांनी शाल-श्रीफळ दिलं. मंडळाची चिटणीस देविका म्हणाली, "तुझ्या छातीत सह्याद्री आहे." आता तो सह्याद्री उघड्यावर कसा सांडायचा?

कनकाबाईंनी यादी दोनदा वाचली, मग फोन काढून मंदारसमोर धरला. संमेलनाचा व्हिडिओ होता. अनयजवळ कोण कोण उभं होतं ते मोजायला त्यांनी तो मागवून घेतला होता.

"तंबी, येथें पाहा. तुतारी तोंडावरून उतरली. सूर उतरला नाहीं."

मंदार टीपॉयकडे बघू लागला. घंटी वाजवायला विसरलेल्या पुजाऱ्यासारखा.

"मी तुम्हांस धरायला आलें नाहीं," कनकाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मी एका माणसास शोधायला आलें. हा जंतू कोणाचे घशांत गुपचूप बसतो, त्यास कांहीं होत नाहीं, त्याचे शेजाऱ्यास होतें. आज गोळी दिली तर जंतू तेथेंच मरतो. आमचे हातांत एक गोळी आणि एक यादी. गोळी खोटी नाहीं. यादी खोटी असेल तर गोळी कोणाचे तोंडांत घालूं?"

मंदारला एकदम आठवलं. मुरलीअण्णाच्या दोन मुली! सहा आणि नऊ वर्षांच्या. बापाच्याच नादस्वरमवर शिकतात, तोंडात धरायची पात तिघांची एकच. शनिवारी अण्णाने त्यांचा फोटो किती कौतुकाने दाखवला होता!

त्याने सगळं सांगून टाकलं. कनकाबाई हसल्या नाहीत, फक्त बारावं नाव लिहिलं. पण मुरलीचा फोन बंद. लग्नात वाजवायला बसला की तो फोन पेटीत टाकतो. कुठल्या मंडपात, ते माहीत असेल तर ग्रुपवरच्याच कुणाला तरी. आणि मेनिंजायटिसच्या यादीत नादस्वरमवाला कसा, हे दोनशे बारा माणसं विचारणारच.

मंदारने अंगठा तीनदा उचलला. चौथ्यांदा लिहिलं: "रविवारची तुतारी मी वाजवली नाही. मुरलीअण्णाने वाजवली, अनयच्या तुतारीवर. त्याला आणि त्याच्या मुलींना आज गोळी मिळायला हवी. तो आज कुठे आहे?"

  मग मंडळातल्या कुमुदिनी काकूंचं उत्तर आलं: मैलापूर, त्यांच्या शेजाऱ्यांकडचं लग्न, मंडपाचा पत्ता खाली. आणि त्याखाली, "बरं झालं सांगितलंस रे बाबा."

अकरा वाजता मंडपात विचित्र दृश्य दिसलं. वाजंत्रीच्या ऐन भरात महापालिकेच्या बाई मंचाच्या बाजूला पाण्याचा पेला घेऊन उभ्या, मागे मंदार, आणि दोन सुरांच्या मध्ये मुरलीअण्णा औषध घेतोय. मुली तिथेच होत्या. त्यांना त्यांच्या वजनाप्रमाणे औषध दिलं. नवरदेवाचे मामा हेही प्रसादाचं काहीतरी असावं म्हणून हात पुढे करून रांगेत लागले. त्यांना परत पाठवणं हे त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम ठरलं.

मुरली रागावेल असं मंदारला वाटलं होतं. पण अण्णाने मुलींच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मंदारचे दोन्ही हात धरले. म्हणाला, "तुम्ही सांगितलंत. बरं केलंत तंबी."

दहा दिवस गेले. यादीतले बाराजण आणि अण्णाच्या दोन्ही मुली, कुणालाही काही झालं नाही. अनय घरी आला. डाव्या कानाने जरा कमी ऐकू येतंय, डॉक्टर तपासत आहेत. "त्याच बाजूला तू घोरायचास," तो मंदारला म्हणाला, "म्हणजे निम्मा फायदाच." मंदार हसता हसता आत जाऊन तोंड धुऊन आला.

शाल परत द्यायला तो शरदचंद्र काकांकडे गेला. काकांनी ती घडीसुद्धा न मोडता त्याच्या हातात ठेवली. म्हणाले, ही योग्य घरी पोचव. त्या संध्याकाळी कनकाबाईंच्या दारात मंदार उभा होता. बाई म्हणाल्या, सरकारी नोकरीत शाल चालत नाही, फिल्टर कॉफी चालते, आत या.

तेव्हा मंडळी, एवढं ध्यानात असू द्या. साथीच्या दिवसांत वही घेऊन दारात येणारी बाई तुमची अब्रू मोजायला येत नाही. तिने विचारलेलं प्रत्येक नाव सांगा, आपली लाज वाचवणारं नाव तर सगळ्यात आधी. लपवलेली तुतारी उद्या परत वाजवता येईल. लपवलेला माणूस परत आणता येत नाही. आणि ती बाई जिना उतरू लागली की तिला थांबवून पाणी विचारा. तिच्यामुळे आपण पाणी विचारायला शिल्लक आहोत.