नदीकाठचं दार

"काका, जरा लवकर मरा ना," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला. "त्या सैनिकाकडे एवढा वेळ नाहीये. बाण लागला की खलास."

"कुठं लागलाय?"

"छातीत."

"मग ओरडणार नाही तो. आतल्या आत कण्हेल," असं म्हणत मरणकाकांनी तोंड माइकपासून किंचित बाजूला घेतलं आणि एका कण्हण्यात सैनिकाचा निकाल लावला. रेकॉर्डिस्टनं अंगठा वर केला. पुढच्या सैनिकाला कड्यावरून पडायचं होतं.

त्यांचं खरं नाव स्टुडिओत कुणी घेत नसे. परदेशातून व्हिडिओ गेम यायचे, त्यांतल्या पात्रांना इथं आपल्या भाषेतले आवाज चढवायचे, असा तो धंदा. राजे, नायक, खलनायक वगैरे मंडळी दमदार आवाजवाल्यांकडे जात. काकांचा आवाज वाईट नव्हता, पण ओठ जुळवण्याच्या नावानं बोंब होती. पडद्यावरच्या माणसाचं तोंड मिटलं तरी यांचा अर्धा शब्द शिल्लक असायचा. त्यामुळे त्यांच्या वाट्याला दाढीवाले, मुखवटेवाले, तोंडावर पोलादी जाळी असलेले, आणि मरणारे यायचे. मरणाऱ्याचे ओठ कोण बघतंय? आणि मरायचे मात्र ते मन लावून. पडून मरायचं असलं तर काका खरोखरच खाली आडवे होत. रेकॉर्डिस्ट माइक जमिनीलगत आणून ठेवी आणि खोलीतला दिवा घालवी. डोळ्यांवर उजेड असला की मरण नीट येत नाही, असं काकांचं मत होतं.

यातला एकही गेम त्यांनी पाहिलेला नव्हता. वाक्यं मिळायची तीसुद्धा उलटसुलट; कोण कुणाला का मारतंय याचा पत्ता नसायचा. घरी खेळायचं यंत्र नव्हतं. घरी तसं काहीच नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तेव्हापासून कुलूप उघडल्याचा आवाज हाच काय तो घरातला मोठा आवाज. कामाला सुट्टी असली की रिक्षावाल्याला "पुढच्या चौकात थांबवा" एवढंच दिवसभराचं बोलणं व्हायचं.

त्या संध्याकाळी ते गोळ्या घ्यायला औषधांच्या दुकानात शिरले. काउंटरवर नवीन मुलगी होती, तिशीच्या आतबाहेरची. एकाच वेळी तिघांना सांभाळताना तिची तारांबळ उडाली होती.

"रक्तदाबाच्या गोळ्या द्या, नेहमीच्या," काका म्हणाले. "आणि घाई नाही हं. सावकाश."

तिचा हात खणातच थांबला.

"परत म्हणा ना."

"रक्तदाबाच्या..."

"ते नाही. सावकाश म्हणा."

काका गोंधळले. "सावकाश," ते म्हणाले. मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली आणि बघता बघता तिचे डोळे भरून आले. मागे खोकल्याचं औषध न्यायला आलेला माणूस उगाचच खोकला.

"तुम्ही नावाडी आहात," ती म्हणाली.

काकांना जरा आठवावं लागलं. "नावाडी? तो मफलरवाला? हो, तो मीच केला होता बहुतेक."

"तुम्ही मेलात तेव्हा मी दोन दिवस रजा टाकली होती. घरी कुणीतरी वारलंय असं सांगून."

खोकणारा माणूस खोकायचा थांबला. पित्ताशयाच्या ऑपरेशनला काका स्वतः दवाखान्यात पडून होते तेव्हाही कुणी अर्धा दिवस रजा टाकली नव्हती.

"काका, एक सांगा," तिनं आवाज खाली आणला. "ते दार कुठंय?"

"कसलं दार?"

"मरताना तुम्ही म्हणता ना, दाराला कडी लावलीस का? नदीच्या काठावर! तिथं घर नाही, झोपडी नाही, दार कुठून येणार? आम्ही किती जणांनी शोधलं. सगळा काठ उलथापालथा केला. लोक म्हणतात, दार सापडलं आणि वेळेत कडी लावली, तर नावाडी वाचतो."

"अगं, मी असलं काही बोललेलो नाही."

"बोललात."

"कागदावर फक्त श्वास मंदावतो असं होतं. मला पक्कं आठवतंय."

"बोललात काका," ती म्हणाली आणि गोळ्यांचं पाकीट त्यांच्या हातात दिलं.

घरी जाताना काकांच्या डोक्यात दार नव्हतं, रजा होती. त्यांना बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटत होती. आपल्यामागे कोण रडतं हे बघायची सोय माणसाला सहसा नसते. ती आपल्याला चालून आलीय, तर बघायलाच हवं, असं त्यांच्या मनानं घेतलं. दुसऱ्या दिवशी गोळ्या संपलेल्या नसतानाही ते दुकानात हजर झाले.

"मला ते दाखवशील का? माझं मरण?"

मुलीचा चेहरा पडला. "म्हणजे तुम्हाला परत मारायचं?" तिनं खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला होता आणि नदीच्या अलीकडेच थांबवून ठेवला होता. नावाडी शेकोटीपाशी बसलेला होता. रोज कामावरून आली की ती थोडा वेळ त्याच्यापाशी जाऊन बसायची आणि बंद करायची. "पुढं गेलंच नाही, तर तो मरत नाही ना."

"असं किती दिवस बसवून ठेवणार त्याला?"

"दार सापडेपर्यंत."

"मग मला दाखव. आवाज माझा आहे. काय बोललो, कशाबद्दल बोललो, ते मला कळेल," काका म्हणाले. आपण हे कशासाठी म्हणतोय हे त्यांना ठाऊक होतं, पण ती त्या शब्दावर तयार झाली.

रविवारी दुपारी काका तिच्या भाड्याच्या खोलीवर गेले. एक पलंग, एक खुर्ची, खिडकीत वाळत घातलेले दुकानाचे पांढरे कोट. घरमालकीणबाई आधीच पलंगावर ठाण मांडून बसल्या होत्या.

"हेच का ते वारलेले?" त्यांनी विचारलं.

"हेच," मुलगी म्हणाली.

"मी भेटायला आले होते हो," बाई काकांना सांगू लागल्या. "रडून रडून डोळे सुजलेले. मला वाटलं, हिचे आजोबा गेले. तासभर समजूत घातली, चहा करून पाजला, आणि मग कळलं, हे खेळातले! पण आता समजूत घातलेली काय परत घेता येते?"

पडद्यावर बर्फ पडत होतं. नावाडी म्हातारा पण धिप्पाड, गालापर्यंत मफलर गुंडाळलेला. काकांचं त्याच्याशी कशातच साम्य नव्हतं. खेळातली मुलगी, म्हणजे जिला ही चालवत होती ती, शेकोटीपाशी गेली. नावाड्यानं मान वळवली.

"थकलीस? बस जरा," तो काकांच्या आवाजात म्हणाला. "सावकाश. नदी कुठं पळून जात नाही."

"दिवसभर माणसं माझ्याशीच बोलत असतात," मुलगी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "पण सगळी औषधांची नावं. थकलीस का, हे विचारणारा हा एकटाच."

"लिहूनच दिलं होतं ते," काका म्हणाले, आणि आपण हे का बोललो असं त्यांना झालं.

तिनं नावाड्याला शेकोटीपासून उठवलं. नाव पाण्यात गेली. पलीकडचा काठ आला आणि बर्फाची एक लादी येऊन नावेवर आदळली. पोरगी काठावर पोचेपर्यंत म्हाताऱ्यानं पाण्यात उतरून नाव धरून ठेवली. मग तिनं त्याला ओढत वर काढलं. "आता इथून माझ्या हातात काही नसतं," मुलगी म्हणाली. तिनं हातातलं यंत्र मांडीवर ठेवलं. "मी सगळी बटणं दाबून पाहिलीत."

नावाडी पाठीवर पडला होता. श्वास चालला होता, थांबत होता, पुन्हा चालत होता. चांगला मरतोय, असं काकांच्या मनात आलं.

आणि तो म्हणाला, "दाराला कडी लावलीस का?"

तो नावाड्याचा आवाज नव्हता. नावाड्याचा आवाज काकांनी छातीतून, घशात खरखर आणून काढला होता. हा त्यांचा घरातला आवाज होता. अर्धवट झोपेतला, पलंगावरून स्वयंपाकघरात जाणारा.

खेळातल्या पोरीनं म्हाताऱ्याचे डोळे मिटले. मुलगी रडत होती आणि पाणी पुसतही नव्हती. घरमालकीणबाईंनी नाक शिंकरलं. हेच बघायला काका आले होते. आता त्यांना कुणाकडेच बघवेना.

"कळलं?" तिनं विचारलं. "कुठंय ते?"

पुढच्या भागात आहे, डोंगरापलीकडे आहे, काहीही सांगता आलं असतं. खोटं वाक्य खरं वाटेल असं म्हणायचं, यावरच त्यांचं पोट चाललं होतं. ती पुन्हा म्हाताऱ्याला शेकोटीपाशी नेऊन बसवणार होती, रोज संध्याकाळी तिथं जाणार होती. काकांनी तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"माझ्या घरचं दार आहे ते," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"रेकॉर्डिंगला मी आडवा झालो होतो. अंधार होता. रोज रात्री आडवं झालं की मी हिला विचारायचो, कडी लावलीस का. तिची आवराआवर चाललेली असायची. तसं सवयीनं गेलं तोंडातून. माझं मलाच कळलं नाही. स्टुडिओवाल्यांनी ते कापून टाकायचं, तर राहिलं तसंच."

"म्हणजे दार नाहीच."

"नाही."

"मग काही केलं तरी..."

"काही केलं तरी नाही गं पोरी. तो जातोच."

तिनं मान हलवली. मग बाहीनं तोंड पुसलं आणि विचारलं, "काकू काय म्हणायच्या त्यावर?"

"ती ना? ती म्हणायची..." काका सावरून बसले. तिच्यासारखंच म्हणून दाखवायचं होतं त्यांना. त्यांनी घसा साफ केला. "लावली हो..." ही कुठल्यातरी खेळातली राजमाता निघाली. त्यांनी आवाज बारीक केला. ती शाळामास्तरीण झाली. ते डोळे मिटून थांबले. म्हाताऱ्या, पोरंटोरं, एकदा तर अस्वलसुद्धा त्यांनी वठवलं होतं. शब्द येत होते, तिचा आवाज येत नव्हता. उभा जन्म माइकसमोर गेला, आणि ती कधी एकाही माइकसमोर आली नव्हती. एकदाच स्टुडिओत आली होती, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून परत गेली होती.

"आठवत नाही मला," काका म्हणाले. "आवाज आठवत नाही. 'लावली हो, झोपा आता,' एवढं म्हणायची."

घरमालकीणबाई उठल्या आणि कुणालाही न विचारता चहा टाकायला गेल्या.

पडद्यावर पोरगी नावेपाशी उभी होती, कुणी चालवेल याची वाट बघत. मुलीनं मांडीवरचं यंत्र उचललं. मागे शेकोटीकडे जाता येत होतं, ते दाखवणारी खूण कोपऱ्यात लुकलुकत होती. तिनं त्या खुणेकडे पाहिलं आणि पोरीचं तोंड डोंगराकडे वळवलं.

"बसता ना थोडा वेळ?" तिनं विचारलं. "इथून पुढं ती एकटीच आहे."

"बसतो की," काका म्हणाले.

बर्फात पावलांचा करकर आवाज सुरू झाला. पुढे बराच वेळ त्या खेळात कुणालाच वाक्य नव्हतं. दोघं ती पावलं ऐकत बसले.