माझ्यावरची शेवटची ओळ

मित्रांनो, मी एक जुना फ्लेक्स आहे. दिंडोरीजवळच्या एका मळ्यात, गोठ्यामागच्या चाऱ्यावर मी सध्या पालथा पसरलेलो आहे. पालथा असल्यामुळे माझ्यावर काय छापलंय ते कोणाला दिसत नाही, आणि तेच बरं आहे. इतर वस्तू आपली कहाणी सांगतात तेव्हा केलेल्या कामाचा अभिमान सांगतात. माझ्यापाशी तसा अभिमान फारसा नाही. मला माझी लाज वाटते, आणि ती बोलून टाकल्याशिवाय चैन पडत नाही.

माझा जन्म नाशिकला झाला, छपाईच्या एका दुकानात. मला छापून घ्यायला आलेल्या माणसाचं नाव रविराज. दिंडोरीत मुख्य रस्त्यावर त्याचं औषधांचं दुकान आहे. त्याने माझ्यावर दोन मोठे फोटो छापून घेतले. दोन्ही एकाच बाईच्या डोक्याचे, वरून काढलेले. डावीकडच्या फोटोत भांग इतका रुंद, की मधली कातडी चमकत होती. उजवीकडे तोच भांग रेघेएवढा, आणि दोन्ही बाजूंना दाट केस. एकावर लिहिलं होतं 'आधी', दुसऱ्यावर 'नंतर'.

ती बाई म्हणजे स्नेहल, रविराजची सख्खी बहीण. फोटो खरे होते. भावाच्या दुकानातलं केस उगवण्याचं औषध तिने रोज दोनदा लावलं होतं आणि पाच महिन्यांत तिला खरोखर केस आले होते. इथवर माझ्यात खोटं काही नव्हतं.

पण रविराजने फोटोंखाली स्वतःच्या मनाने एक ओळ घालायला सांगितली. छापणाऱ्याने विचारलं, "ही पण टाकायची का?"

"टाका," रविराज म्हणाला. "लोक आठ दिवस लावतात, सोडून देतात, आणि मग म्हणतात औषध खोटं आहे."

ती ओळ अशी होती: 'सहा महिने नेमाने लावा. फरक पडला नाही, तर समजा की नेम तुम्हीच मोडला.'

लाल, जाड अक्षरांत ती छापली गेली. खरं सांगायचं तर तेव्हा मला ती फार शोभून दिसते असं वाटलं होतं.

दुकानात मला गल्ल्यामागच्या भिंतीवर लावलं. आत येणाऱ्याची नजर पहिल्यांदा माझ्यावर पडायची. "ही आपली स्नेहल ना?" असं बायका कौतुकाने विचारायच्या. औषधाच्या बाटल्या भराभर जाऊ लागल्या. काही महिन्यांनी ज्यांना गुण आला ते मुद्दाम येऊन माझ्यासमोर मान वाकवून टाळू दाखवायचे, आणि मी फुगायचो. ज्यांना गुण आला नाही तेही यायचे. पण ते माझी शेवटची ओळ वाचायचे, नजर खाली घालायचे आणि खोकल्याचं औषध घेऊन निघून जायचे.

"वर्ष होत आलं, एकाची तक्रार नाही," रविराज म्हणायचा. मलाही ते खरं वाटायचं. ज्याला आपलीच चूक झाली असं वाटतं, तो तक्रार करायला येत नाही, एवढं साधं मला कळत नव्हतं.

त्या न बोलणाऱ्यांमध्ये एक होती उज्वला. स्नेहलची मोठी जाऊ. म्हणजे माझ्यावर जिचा फोटो, तिच्याच घरातली. उज्वला अंगणवाडीत सेविका होती. पस्तिशीची, कमी बोलणारी, आणि कामाला एकदम चोख. तिचाही भांग रुंद होत चालला होता. स्नेहलचे केस बघून तिनेही तेच औषध सुरू केलं. सहा महिने गेले, आठ गेले. तिच्या भांगात काहीही फरक पडला नाही. ती डोक्याला घट्ट ओढणी बांधून येऊ लागली. त्या संक्रांतीला हळदीकुंकवाला सगळ्या बायकांच्या केसांत गजरे माळले, आणि उज्वलाचा गजरा मात्र यजमानीणबाईंनी तिच्या हातात ठेवला. हे मला फार पुढे कळलं.

एकदा दोघी जावा सासूबाईंना घेऊन दुकानात आल्या. सासूबाईंचं नाव बयाबाई. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायच्या होत्या. दुकानात पाच-सहा माणसं होती. बयाबाईंची नजर माझ्यावर गेली आणि त्यांनी मोठ्याने विचारलं, "रवी, खाली काय लिवलंय रे?"

रविराजने वाचून दाखवलं.

"घ्या," बयाबाई उज्वलाकडे वळून म्हणाल्या. "एकाच घरात ऱ्हाता, एकच औषध. हिला आलं आन् तुला नाय. म्हंजे तू लावीतच नसशील."

"लावते ना, आई."

"मंग त्ये खोटं लिवलंय का?"

दुकानातले सगळे तिच्या ओढणीकडे बघत होते. स्नेहल शेजारीच उभी होती. जाऊ रोज सकाळ-संध्याकाळ औषध लावते हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. ती एक शब्द बोलली असती तरी पुरे होतं. पण स्वतःच्या फोटोखाली उभी राहून तिला ते जमलं नाही. रविराज गोळ्या मोजत राहिला. आणि मी? मी भिंतीवर लाल अक्षरांत ओरडत होतो.

त्यानंतर उज्वला एकटीच दुकानात येऊ लागली. एका दुपारी तिने बाटली मागितली तेव्हा रविराज थबकला.

"ताई, ही या महिन्यातली तिसरी. घरात आणखी कोणी लावतं का?"

"नाही. मीच लावते."

"दोनदाच लावता ना?"

"पाचदा लावते," ती हळू आवाजात म्हणाली. "अंगणवाडीतसुद्धा नेते. पोरं झोपली की लावते. नेम कुठं मोडतोय तेच कळत नाही, भाऊ. चार दिवस झाले, छातीत सारखं धडधडतंय..."

तिने गल्ल्याचा आधार घ्यायला हात पुढे केला, पण हात पोचला नाही. ती तिथेच फरशीवर कोसळली.

रविराजने धावत जाऊन तिला उठवून बसवलं, पाणी पाजलं, दुकानातल्या यंत्रावर रक्तदाब मोजला. तो फार खाली गेला होता. हे औषध जास्त लावलं तर अंगात भिनतं आणि रक्तदाब उतरवतं, हे रविराजला शिकताना शिकवलेलं होतं. तो पांढराफटक पडला. त्याने स्नेहलला बोलावून घेतलं, दुकान बंद केलं आणि दोघांनी उज्वलाला गाडीत घालून नाशिकला नेलं. मोठ्या डॉक्टरांनी आधी तिला सलाईन लावलं, आणि ती सावरल्यावर त्वचेच्या डॉक्टर मोहिनी मॅडमकडे पाठवलं.

दुसऱ्या दिवशी बयाबाई स्वतः दुकानात आल्या. सोबत दोघी सुना होत्या. बयाबाई स्टुलावर बसल्या.

"काय म्हनली ती डाक्टरीन? नीट सांग मला," त्यांनी रविराजला विचारलं.

"मावशी, बाटलीत असतं तसं ते औषध केसांना कामाचं नसतं," रविराज म्हणाला. "आपल्या डोक्याच्या कातडीत, केसांच्या मुळाशी एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतो. तो त्या औषधात बदल करतो, तेव्हा कुठे ते काम करायला लागतं. कोणाच्या मुळाशी तो विकर भरपूर असतो, कोणाच्या अगदी कमी. स्नेहलकडे असेल भरपूर. उज्वलाताईंकडे तो कमी असावा असं मॅडमना वाटतं. मग दोनदा लावा नाहीतर पाचदा, उपयोग नाही. पुष्कळ जणांचं असंच असतं म्हणाल्या."

"म्हंजे हिची चूक काय?"

"काहीच नाही."

बयाबाई हातातल्या पिशवीचा बंद पिळत बसल्या. त्यांचं सगळं आयुष्य द्राक्षाच्या मळ्यात गेलं होतं. मग त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "छाटणी झाल्यावर कोंब फुटावा म्हनून आपन काडीच्या डोळ्यांवर पेस्ट लावतो. एका हातानं लावतो, एकाच डब्यातली. काही डोळे फुटत्यात, काही नाय फुटत. न फुटल्या डोळ्याला मी कधी बोल लावला नाय. आन् हिला लावला, चार मानसांत."

उज्वला ओढणीच्या टोकाकडे बघत होती. "जाऊ द्या, आई," ती म्हणाली.

"कसं जाऊ देऊ?" बयाबाई म्हणाल्या.

तेव्हा स्नेहल पुढे आली. "ताई, त्या दिवशी मी गप्प बसले. तुम्ही रोज लावता हे मला माहीत होतं. पण मला वाटलं, हे बोलले तर माझे केस खोटे ठरतील." मग ती भावाकडे वळली. "दादा, माझा फोटो उतरव."

"ओळ खोडतो. फोटो राहू दे की, तो तर खरा आहे."

"एकटीचाच आहे ना? ज्यांना आले नाहीत त्यांचे फोटो कुठे लावलेत तू?"

रविराज शिडी घेऊन आला आणि त्याने मला उतरवलं. भिंतीवर माझ्या जागी एक चौकोनी पांढरा डाग राहिला. बयाबाई म्हणाल्या, "टाकू नको, चाऱ्यावर घालाया व्हईल." असा मी मळ्यात आलो.

उज्वलाने ते औषध बंद केलं. रक्ततपासणीत लोह कमी निघालं, त्याच्या गोळ्या ती घेते. केस गळायचे थोडे थांबलेत, नवे काही आलेले नाहीत. दुसरे उपाय आहेत, पण घाई नको असं मॅडम म्हणाल्या. आता ती ओढणी बांधत नाही. अंगणवाडीतल्या एका पोरीने तिला विचारलं होतं, "बाई, तुमचा भांग एवढा मोठा का?" त्यावर ती म्हणाली, "असतो एखाद्याचा." हे ती गोठ्यात धार काढताना स्नेहलला हसत सांगत होती, म्हणून मला कळलं. रविराजही म्हणे आता बाटली देताना बजावतो, की दोनदाच लावा, सहा महिन्यांनी फरक नसेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि स्वतःला दोष देऊ नका.

सगळं नीट झालं असं तुम्हाला वाटेल. पण मित्रांनो, एक माणूस मी अजून सांगितला नाही. सांगायला सगळ्यात जड तोच आहे.

त्याचं नाव बारकू. हरसूलकडचा. द्राक्षांच्या छाटणीपासून काढणीपर्यंतच्या कामाला दिंडोरीत आला होता. विशी नुकतीच ओलांडलेला, पण टाळू उघडी पडलेली. त्याला वाचता येत नव्हतं. बाटली घेताना माझ्यावरची ओळ त्याने रविराजकडून दोनदा वाचून घेतली होती, नीट लक्षात राहावी म्हणून. सहा महिन्यांनी हंगाम संपल्यावर गावी परत जाताना तो दुकानात आला. डोक्यावरचा टॉवेल काढून त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोक्यावर काहीच उगवलं नव्हतं.

"भाऊ, औषध चांगलं हाय," तो म्हणाला. "मदी दोन दिस ताप व्हता, तवा लावाया जमलं नाय. माझंच चुकलं."

रविराज आपल्या कामात होता. "असू दे, पुढच्या वेळी नीट लाव," एवढंच तो म्हणाला. बारकूने पुन्हा टॉवेल गुंडाळला आणि तो गेला. हे सगळं उज्वला कोसळण्याच्या आधी झालं. त्याचा फोन नंबर दुकानात कोणाकडे नाही. पुढच्या हंगामात तो आला नाही.

तुमच्या घरात, शाळेत, एखाद्याला एखादी गोष्ट लागू पडली नाही, तर पहिल्यांदा त्याची चूक शोधू नका. दुसऱ्याला लागू पडली म्हणून तर मुळीच नको. आणि तुमच्यापैकी कोणी हरसूलच्या बाजूचा असेल, बाजारात डोक्याला टॉवेल गुंडाळलेला बारकू नावाचा माणूस भेटला, तर त्याला एवढं सांगा, की ते दोन दिवस तापाचे होते, त्यांच्यामुळे काही बिघडलं नाही. त्याचं काही चुकलं नव्हतं.