भाकरीनं काढलेला बुश

“मिस्त्री, हा बुश मी काढून बघू का?”

विचारून तर टाकलं, आणि पूर्णिमाचे कान तापले. मागं सायकली धरून उभ्या असलेल्या मोना आणि प्रीती फिसकन हसल्या. पैज त्यांचीच होती. महिन्यापूर्वीपर्यंत हजेरी देतानाही जिचा आवाज बसायचा, ती पूर्णिमा शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आली होती आणि तेव्हापासून तिचं तोंड काही मिटत नव्हतं. “सरांपुढं लई बोलतीस,” मोना म्हणाली होती, “सयाजी मिस्त्रीला विचारून दाखव, मग मानू.”

गडमुडशिंगीत सयाजी मिस्त्रींना उगीच कुणी काही विचारत नसे. त्यांनी कापसाच्या बोळ्यानं हात पुसले आणि तिच्याकडं नीट बघून घेतलं.

“जयसिंगाची न्हवं तू?”

“व्हय.”

“काढ की मग. तीन दिस मला निघंना झालाय.”

हसणं मागच्या मागं थांबलं.

गॅरेजात मधोमध तिच्या वडिलांचा, आबांचा, ट्रॅक्टर उभा होता, म्हणजे अर्धा इकडं आणि अर्धा तिकडं. क्लच बदलायला मधून फोडलेला. इंजिनाच्या बाजूला परातीएवढं जड चाक, फ्लायव्हील, आणि त्याच्या बरोबर मध्ये, खोल भोकात, अंगठीसारखा पण लांबट पितळी बुश. गिअरबॉक्सच्या दांड्याचं टोक त्यात फिरतं. तो बुश झिजून लंबगोल झाला होता आणि जागेवर असा धरून बसला होता की ज्याचं नाव ते. पलीकडून ठोकावं तर भोक पलीकडं बंद. पुलरनं ओढावं तर काठ तुटून आलेला. सगळं फ्लायव्हील उतरवून शिरोलीच्या एमआयडीसीत न्यायचं म्हटलं तर त्याचे बोल्टही गंजून एकजीव झालेले.

आबा वैतागले होते. “उद्या दुपारपर्यंत निघाला तर निघाला. न्हायतर भंगारवाला येणार हाय,” असं ते सकाळीच सांगून गेले होते. ह्याच ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून पूर्णिमा बालवाडीत गेली होती. तेव्हा पैज वगैरे निमित्तच होतं. हे तिनं मोनाला सांगितलं नव्हतं इतकंच.

“तुम्ही काय काय केलं?” तिनं विचारलं.

“आता करतो ते बघ.” मिस्त्रींनी बुशातून आत, भोकाच्या तळापर्यंत ग्रीस ठासलं. मग बुशात जेमतेम जाईल अशी सळई लावली आणि वर हातोडा घातला. “सळई ग्रीसला दाबती. ग्रीसला पळायला जागा न्हाय. मग ते बुशाला मागनं ढकलतं. असं व्हायला पायजे.”

झालं भलतंच. सळईच्या कडेनं ग्रीस पिचकारीसारखं उडालं आणि प्रीतीच्या पांढऱ्या ओढणीवर नक्षी उमटली.

“आगं आई,” प्रीती म्हणाली, “मला घरात घेत न्हाईत आता.”

पूर्णिमाला मात्र हसू आलं नाही. हे तिनं कुठंतरी बघितलं होतं. दिवाळीत आई तिला सोऱ्या दाबायला बसवायची. पीठ सैल झालं की चकली खाली पडायचीच नाही, पीठ दट्ट्याच्या कडेनं वर यायचं. आई म्हणायची, दाबून काय हुतंय, पीठ घट्ट कर. दरवर्षी हात भरून यायचे आणि दरवर्षी ती कुरकुरायची. आज पहिल्यांदा तिला त्या सोऱ्याचं कौतुक वाटलं.

“मिस्त्री, ग्रीस सैल पडतंय. भोक लंबगोल झालंय, ते कडेनं निसटणारच. घट्ट कायतरी पायजे. चकलीच्या पिठासारखं.”

पूर्णिमाची नजर मिस्त्रींच्या जेवणाच्या डब्यावर गेली.

“डब्यात काय हाय तुमच्या?”

“भाकरी हाय. का?”

“द्या की.”

“मी काय खाऊ मग?”

पण डबा त्यांनी उघडला. सकाळची जोंधळ्याची भाकरी. पूर्णिमानं ती कुस्करली, पाण्याचा हबका मारला आणि आई मळते तशी तळव्यानं रगडून रगडून घट्ट गोळा केला. भोकातलं ग्रीस चिंधीनं पुसून काढलं. मग चिमूट चिमूट भाकरी आत, सळईनं ठासून, पुन्हा चिमूट.

पहिला घाव तिनं घाबरत घातला. काही नाही. दुसरा सळईवरून घसरला. मोनानं शूटिंगला धरलेला मोबाइल बंद करून खिशात ठेवला, म्हणजे तिलाही आता गंमत उरली नव्हती.

तेवढ्यात मिस्त्रींचा हात पुढं आला. हातोडा मागण्यासाठी आलेला हात, पूर्णिमानं ओळखला. घरी, शाळेत, सगळीकडं तिच्या हातातलं काम काढून घ्यायला असाच येतो तो. पण तो अर्ध्यावर थांबला आणि परत गेला. मिस्त्रींनी दोन्ही हात पाठीमागं बांधले.

“हातोड्याकडं बघू नगंस,” ते म्हणाले. “जिथं मारायचंय तिथं बघ. आन् भाकरी भर अजून.”

तिनं अजून भाकरी भरली. घाव घातला. परत भरली. पाचव्या की सहाव्या घावाला आवाजच बदलला, ठण्णऐवजी ठप्प. बुश नखाएवढा पुढं आला होता. पुढच्या चार घावांत तो सरकत सरकत बाहेर आला आणि फरशीवर पडून स्टुलाखाली घरंगळला.

प्रीतीनं शिट्टी मारली. पूर्णिमा तशीच उभी राहिली, हातोडा धरून.

“काम झालं न्हाय अजून,” मिस्त्री म्हणाले. “आतली भाकरी काढ. कण राहिला तर गंज धरंल.”

तिनं वाकून वाकून कण काढले. तोवर आबा आले. मिस्त्रींनी बुश त्यांच्या हातावर ठेवला.

“काढलास शेवटी,” आबा म्हणाले.

“मी न्हाय. तुझ्या पोरीनं काढला. मी उपाशी हाय.”

आबांना वाटलं चेष्टा. मग लेकीचे काळे हात आणि रिकामा डबा दिसला, आणि ते भंगारवाल्याला नको म्हणून फोन करायला बाहेर गेले. मिस्त्रींनी निघालेल्या पूर्णिमाला थांबवलं. कापसात गुंडाळून तो झिजका बुश तिच्या दप्तरात टाकला. “ठेव. पहिला हाय.”

आभार कसे मानायचे हे स्पर्धेच्या भाषणात तिला पाठ होतं. तिथं मात्र एवढंच निघालं, “मिस्त्री, तुम्ही हातोडा घेतला न्हाई.”

“व्हय. लई अवघड गेलं,” ते म्हणाले.

घरी आई चुलीपुढं बसली होती, आबा पाय धुऊन आत आले होते. पूर्णिमानं बुश पाटावर ठेवला.

“आई, उद्या दोन भाकऱ्या जादा थाप. एक मिस्त्रींची, आज मी वापरली ती. आन् दुसरी माझी. उद्यापासनं शाळा सुटली की मी त्यांच्या गॅरेजात शिकायला जाणार हाय. मिस्त्रींना इचारून आलोय. तुम्हाला सांगतोय.”